पावसाचा वाफा तुंबतो कुठे? सोसायटीतल्या बायोरिटेन्शन सेलची देखभाल, क्रमाने

पार्किंगच्या कडेला बायोरिटेन्शन सेल, म्हणजे पावसाचं पाणी गाळून जिरवणारा खोलगट वाफा, केलेल्या सोसायट्यांकडून माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पहिल्या पावसाळ्यात पाणी झपाट्याने जिरलं, तिसऱ्या पावसाळ्यात डबकं साचलं. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, डास होतात, बुजवून टाका आणि वर पेव्हर ब्लॉक बसवा.

वाफा वाईट बांधलेला असतो असं क्वचितच होतं. त्यात झाडं असतात म्हणून तो माळीकाकांकडे जातो आणि ते त्याला बागेसारखं सांभाळतात. पोयटा माती घालतात, शेणखत घालतात, कुदळीने खणतात, रोज पाइप धरतात. बागेसाठी हे सगळं बरोबर आहे. या वाफ्याचं काम मात्र गाळणीचं आहे, आणि गाळणीत भर घातली की ती बसते. दुसरी चूक क्रमाची: आधी वाफा चकाचक करायचा आणि मग पार्किंग धुवायचं. धुतलेली सगळी माती थेट साफ केलेल्या वाफ्यात जाते.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. टप्पा 1 ते 6 वळवाच्या पावसाआधी उरकले तर उत्तम. निदान मेअखेर तरी संपलेच पाहिजेत.

## तयारी: वाफा आतून कसा आहे ते समजून घ्या

वरून खाली साधारण असे थर असतात. आजूबाजूच्या फरशीपेक्षा 15 ते 30 सेंमी खोलगट जागा, जिथे पाणी थोडा वेळ थांबतं. त्याखाली 5 ते 7.5 सेंमी आच्छादन. मग 45 ते 90 सेंमी वाळूमिश्रित माती. तिच्याखाली बारीक खडी, जाड खडी आणि त्या खडीत छिद्रं पाडलेला पाइप, जो गाळलेलं पाणी पावसाळी चेंबरकडे नेतो. वर दोन उभे पाइप दिसतात. जाळीचं डोकं असलेला ओव्हरफ्लोचा, आणि झाकण लावलेला तपासणीचा. तपासणीचा पाइप खालच्या छिद्रांच्या पाइपला जोडलेला असतो. बऱ्याच ठिकाणी हे झाकण मातीखाली गेलेलं असतं, आधी ते शोधून काढा.

वाफ्याची आणि त्यात पाणी येणाऱ्या जागेची मापं घ्या. एक चौरस मीटर फरशीवर 25 मिमी पाऊस पडला की 25 लिटर पाणी होतं. म्हणजे 300 चौरस मीटर पार्किंगचं 7,500 लिटर. वाफा 20 चौरस मीटरचा आणि 15 सेंमी खोलगट असेल तर वर एका वेळी 3,000 लिटर मावतं. बाकीचं पाऊस चालू असतानाच जिरावं लागतं, नाहीतर ओव्हरफ्लोने जातं. हा हिशेब वहीत लिहून ठेवला की वाफ्यात 5 सेंमी माती वाढली म्हणजे काय गमावलं ते मीटिंगमध्ये समजावता येतं: हजार लिटरची जागा.

सामान फार लागत नाही. खुरपं, दाताळं, घमेली, गाळासाठी पोती, हातमोजे, उभं राहायला एक लांब फळी, मोजपट्टी, काचेची बरणी आणि 6 इंची पीव्हीसी पाइपचा 30 सेंमीचा तुकडा. प्लंबरकडे असा तुकडा पडलेला असतोच.

सावधान: वाफ्यात पाय ठेवायचा तर फळीवर ठेवा, आणि माती ओली असताना उतरूच नका. ओल्या मातीवर दहा माणसं नाचून गेली की तिची पोकळी दबते आणि ती दाताळ्याने परत येत नाही. दुचाकी, वाळूचा ढीग, मांडवाचे बांबू, यातलं काहीही वाफ्यात नको.

## टप्पा 1: आधी पाणी जिथून येतं ती जागा

वाफ्याला हात लावण्यापूर्वी पार्किंग, ड्राइव्हवे आणि गच्चीचे उतरते पाइप बघा. पार्किंग कोरडं झाडून घ्या, माती गोळा करून पोत्यात भरा. पाइप मारून धुऊ नका. ऑइल सांडलं असेल तिथे लाकडाचा भुसा टाकून तो उचला. कुठे उघडी माती असेल, म्हणजे कंपाउंडच्या कडेची, नव्या केबलसाठी खणलेली, तर तिथे गवत लावा किंवा खडी पसरा. एक उघडा कोपरा अख्खा पावसाळा वाफ्यात गाळ ओततो.

फ्लॅटचं नूतनीकरण हा सगळ्यात मोठा शत्रू आहे. आमच्याकडे एका वर्षी तिसऱ्या मजल्यावर फरशा बदलल्या. कटर खाली पार्किंगमध्ये लावला होता, आणि संध्याकाळी कामगार तो पांढरट राडा पाण्याने लोटून द्यायचे. तो वाफ्यात जातोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जूनमध्ये पाणी थांबलं तेव्हा मी आच्छादन बाजूला केलं. मातीवर राखाडी पापुद्रा होता, नखाने उचलला तर पापडासारखा अख्खा तुकडा हातात आला. खालची माती कोरडी ठणठणीत. चार मिलिमीटरच्या त्या थराने सगळा वाफा बंद केला होता.

तेव्हापासून नूतनीकरणाच्या परवानगीच्या अर्जात एक अट घातली आहे: कटिंग आणि सिमेंट कालवणं वाफ्याच्या उताराकडे करायचं नाही, आणि काम चालू असताना वाफ्याच्या तोंडाशी वाळूची पोती लावायची. तुमच्याही अर्जात ती घाला.

## टप्पा 2: तोंड आणि गाळखड्डा

पाणी फरशीच्या कडेच्या उंच काठातल्या, म्हणजे कर्बमधल्या, खाचेतून वाफ्यात येतं. खाचेच्या आत दगडांनी बांधलेला छोटा खड्डा असतो, तिथे पाण्याचा जोर मोडतो आणि जाड गाळ बसतो. गाळ निम्म्यापर्यंत आला की काढायचा. दगड बाहेर काढा, गाळ घमेल्यात घ्या, दगड धुऊन (वाफ्यापासून लांब) परत रचा.

पार्किंगच्या गाळात ऑइल आणि टायरची, ब्रेकची धूळ असते. तो कुंड्यांत, भाजीच्या वाफ्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. गटारातही लोटू नका. पोत्यात भरून राडारोड्याबरोबर द्या.

तपासा: खाचेच्या आतली पातळी फरशीपेक्षा किमान 5 सेंमी खाली हवी. ही चूक मी सतत पाहतो. दरवर्षी थोडं आच्छादन, थोडी माती, त्यावर गवत, असं करत तोंडाशी उंबरठा तयार होतो. पाऊस पडतो, पाणी खाचेपाशी येतं, अडतं आणि वळून गेटकडे निघून जातं. लोकांना वाटतं वाफा कोरडा आहे म्हणजे पाणी छान जिरतंय. एक बादली पाणी खाचेबाहेर ओता आणि ते कुठे जातं ते पाहा.

## टप्पा 3: वरचा पृष्ठभाग

जुनं आच्छादन दाताळ्याने एका बाजूला ओढा. प्लास्टिक, बाटल्यांची झाकणं, गुलमोहराच्या शेंगा काढा. हात घालण्यापूर्वी काठीने हलवून घ्या, वाळ्याच्या दाट बेटात साप असू शकतो.

मग मातीकडे नीट पाहा. भेगाळलेला, चकचकीत किंवा राखाडी थर दिसला तर तो खुरप्याने अलगद खरवडून उचला. तो खणून आत मिसळायचा नाही. कुदळ चालवली की वरचा बारीक गाळ खाली जातो आणि अर्ध्या तासाचं काम अर्ध्या ट्रकचं होतं.

तण मुळासकट उपटा, तणनाशक अजिबात नको. ते पाण्याबरोबर पाइपात आणि तिथून ओढ्यात जातं. गाजर गवत फुलावर येण्याआधी आणि हातमोजे घालूनच काढा, त्याने अंगाला खाज सुटते आणि दम्याच्या माणसांना त्रास होतो. सुबाभूळ आणि पिंपळाची रोपं बोटभर असतानाच काढावीत. मोठी झाली की त्यांची मुळं खालच्या पाइपाच्या छिद्रांत शिरतात.

## टप्पा 4: जिरण्याची चाचणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट माती बदलायला कंत्राटदार बोलावतात. एका सकाळचं काम आहे, आणि दुखणं वर आहे की खाली ते यातूनच कळतं.

पाइपचा तुकडा मातीत 10 सेंमी ठोका, वर लाकडाची पट्टी धरून, म्हणजे कड फुटणार नाही. तो दोनदा काठोकाठ भरून जिरू द्या, कारण कोरडी माती सुरुवातीला फसवं, झपाट्याने पाणी पिते. तिसऱ्यांदा मातीपासून 15 सेंमी उंचीपर्यंत भरा आणि एका तासात किती उतरतं ते मोजा. तोंडाजवळ, मध्ये आणि टोकाला अशा तीन जागी करा.

तासाला 2.5 सेंमीपेक्षा कमी उतरत असेल तर माती बसली आहे. मग त्याच जागेशेजारी वरची 5 सेंमी माती काढून चाचणी पुन्हा करा. आता वेग वाढला तर दुखणं वरच्या थरापुरतंच आहे, आणि टप्पा 6 मध्ये तेवढाच थर बदलायचा. वेग वाढला नाही तर आणखी 5 सेंमी खाली जाऊन पाहा.

पाइपच्या तुकड्यात पाणी मजेत उतरतंय पण पावसात मात्र वाफा भरूनच राहतो, असं असेल तर माती ठीक आहे आणि अडचण खालच्या पाइपात आहे. पावसाळ्यात हेच तपासणीच्या पाइपातून कळतं. मोठ्या पावसानंतर 24 तासांनी झाकण उघडून काठी सोडा. वर पाणी साचलेलं आणि पाइप रिकामा असेल, तर पाणी वरच अडलंय. पाइपातही पाणी वरपर्यंत असेल तर बाहेर जायची वाट बंद आहे.

सावधान: काही वाफ्यांत बाहेर पडणाऱ्या पाइपाला मुद्दाम वर वळवलेलं कोपर लावलेलं असतं, म्हणजे तळाशी थोडं पाणी कायम राहतं आणि उन्हाळ्यात मुळांना मिळतं. तसं असेल तर तपासणीच्या पाइपात ठरावीक उंचीपर्यंत पाणी दिसणारच. ते कोपर बिघाड समजून कापू नका. नकाशा पाहा, नसेल तर चेंबर उघडून पाहा.

## टप्पा 5: पाइप आणि ओव्हरफ्लो

माती बदलण्याआधी पाइप, कारण तो फुकटात सुटतो. एक जण पावसाळी चेंबरपाशी उभा राहू द्या, दुसऱ्याने तपासणीच्या पाइपात बागेची नळी सोडून पाणी चालू करावं. आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं तर पाइप मोकळा आहे. पाणी येतच नसेल किंवा तपासणीच्या पाइपातून वर चढत असेल तर जेट मशीनवाल्याला बोलवा, पण दाब कमी ठेवायला सांगा. लोखंडी सळई घालून खुपसू नका. छिद्रं फाटतात आणि वरची वाळू पाइपात उतरते.

ओव्हरफ्लोच्या डोक्यावरची जाळी सपाट असेल तर एक मोठं पान ती झाकू शकतं. घुमटासारखी जाळी बसवा. ओव्हरफ्लोच्या पाइपाची उंची मात्र बदलू नका. डबकं दिसू नये म्हणून कुणीतरी तो पाइप मातीलगत कापतं, आणि मग सगळं पाणी न जिरता सरळ चेंबरमध्ये जातं. तो वाढवूही नका, त्याचं तोंड फरशीच्या पातळीपेक्षा खालीच हवं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला तसा पाऊस कोणताही वाफा जिरवू शकत नाही. त्या वेळी ओव्हरफ्लो मोकळा असेल तरच पाणी पार्किंगमध्ये उलटं चढत नाही.

## टप्पा 6: वरचा थर बदलणं, चाचणीने सांगितलं तरच

चाचणीत जेवढ्या खोलीवर वेग परत आला तेवढीच माती काढा, साधारण 5 ते 10 सेंमी. खराब भाग बहुतेकदा तोंडाजवळचाच असतो, सगळा वाफा उकरायची गरज नसते. 20 चौरस मीटरमधून 7.5 सेंमी काढायची तर दीड घनमीटर, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या थोडं वर.

नवं मिश्रण: तीन घमेली धुतलेली जाड वाळू, एक घमेलं पोयटा माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट. काळी माती नको, ओली झाली की फुगते आणि चिकणमातीचा सगळा अवगुण दाखवते. हल्ली मिळते ती वाळू बहुतेक क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली, असते आणि तिच्यात दगडाची भुकटी खूप असते, म्हणून धुतलेलीच मागवा. ट्रक उतरवण्याआधी बरणीची चाचणी करा: तिसरा हिस्सा वाळू, बाकी पाणी, जोरात हलवा आणि ठेवा. जाड वाळू मिनिटाभरात खाली बसते. वर बोटभर लगदा जमला किंवा तासानंतरही पाणी चहासारखं गढूळ राहिलं तर ती गाडी परत पाठवा. हे करताना संकोच वाटतो, गाडीवाला घाईत असतो, पण एकदा उतरलेली वाळू परत जात नाही.

नवा थर फळीने हलका सपाट करा, ठोकून दाबू नका. जुन्या पातळीपेक्षा वर जाऊ देऊ नका.

सावधान: माती आणि खडीच्या मध्ये कापड घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. काही वर्षांत तेच कापड गाळाने बंद होतं आणि ते बदलायला सगळा वाफा उपसावा लागतो. तिथे बारीक खडीचा थर पुरतो.

आता चाचणी पुन्हा करा. आकडा आणि तारीख वहीत लिहा.

## टप्पा 7: आच्छादन आणि झाडं

आच्छादन 5 सेंमी, फार तर 7.5. जास्त जाड घातलं तर हवा जात नाही. सुका पाचोळा आणि नारळाच्या शेंड्यांचे तुकडे पाण्यावर तरंगतात आणि ओव्हरफ्लोच्या जाळीवर जाऊन बसतात. फांद्यांचा यंत्रातून काढलेला, दोन-तीन महिने कुजत ठेवलेला तंतुमय चुरा सगळ्यात चांगला, कारण त्याचे तंतू एकमेकांत अडकतात. तो मेमध्येच पसरून एकदा भिजवा, वळवाच्या सरींनी बसून जाईल. तोंडापाशी मीटरभर मात्र आच्छादन नको, गोटे किंवा जाड खडी ठेवा. झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा.

झाडं अशी हवीत की दोन दिवस पाण्यात उभी राहतील आणि पुढे सात महिने कोरड्यात तगतील. तळाशी वाळा, कर्दळ, स्पायडर लिली. काठावर गवती चहा, निरगुडी. मेलेल्या झाडांच्या जागी नवी जुलैत लावा, पाऊस स्थिर झाल्यावर. कुंडीतल्या रोपाच्या मुळांभोवतीचा चिकट मातीचा गोळा झटकून लावा, नाहीतर प्रत्येक रोपाखाली एक छोटं डबकं पुरल्यासारखं होतं.

खत कोणतंच नको. शेणखतही नको, जीवामृतही नको. पार्किंगवरून येणाऱ्या पाण्यात झाडांना लागतं तेवढं असतं. वरून घातलेलं नत्र आणि स्फुरद पाण्याबरोबर पाइपात उतरतं, पाइपातून ओढ्यात, ओढ्यातून मुळा-मुठेत. दर वर्षी नदीवर हिरवी चादर पसरते त्या जलपर्णीला नेमकं हेच हवं असतं.

## टप्पा 8: पावसाळ्यातली फेरी

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन खाली उतरा आणि दहा मिनिटं पाहत उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे फुटतं, कुठे माती खणली जाते, हे कोरड्या दिवशी कळत नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा फेरी पुरे: तोंड, जाळी, गाळखड्डा.

पाऊस थांबला ती वेळ लिहा आणि वाफ्यावरचं पाणी गेलं ती वेळ लिहा. 24 तासांच्या आत जायला हवं. 48 तासांनंतरही पाणी दिसलं तर टप्पा 4 मधल्या तपासणीकडे वळा.

डासांची भीती लोकांना वाफ्याची वाटते. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो, त्यामुळे दिवसभरात रिकामा होणारा वाफा त्याच्या कामाचा नाही. पाणी राहतं ते गाळखड्ड्याच्या दगडांमध्ये, ओव्हरफ्लोच्या चेंबरच्या तळाशी आणि झाकण हरवलेल्या तपासणीच्या पाइपात. या तीन जागा दर आठवड्याला बघा.

आणि गणपती. शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करून ते पाणी झाडांना घालायची चांगली पद्धत आपल्याकडे रुळली आहे. या वाफ्यात मात्र ते ओतू नका. शाडू अतिशय बारीक चिकणमाती असते, वाफ्यावर तिचा थर फरशीच्या राड्यासारखाच बसतो. अमोनियम बायकार्बोनेट वापरून विरघळवलेल्या प्लास्टरच्या मूर्तीचं पाणीही नको. त्यात अमोनियम सल्फेट असतं, म्हणजे खतच. सोसायटीच्या ग्रुपवर विसर्जनाच्या दोन दिवस आधी सांगा, आणि त्या दिवशी वाफ्याच्या कडेला पाटी लावा. नुसता मेसेज वाचला जात नाही. शाडूचा गाळ बादलीतच बसू द्या, वाळवा आणि पुढच्या मूर्तीसाठी ठेवा, वरचं पाणी दुसऱ्या झाडांना घाला.

## टप्पा 9: परतीच्या पावसानंतर

ऑक्टोबरअखेर गाळखड्डा पुन्हा रिकामा करा. हा गाळ उन्हाळाभर तिथेच वाळला तर विटेसारखा घट्ट होतो. तपासणीच्या पाइपाचं झाकण घट्ट लावा.

पाणी रोज थोडं देऊ नका. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोलवर भिजेल असं द्या, म्हणजे मुळं खाली जातात. पुढे दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. टँकर बोलावायची वेळ आली तर झाडं चुकीची निवडली आहेत असं समजा आणि जुलैत बदला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलमोहर आणि सोनमोहराची पानगळ होते. गुलमोहराची पानं इतकी बारीक असतात की ती आच्छादनाच्या फटींत शिरून ओली झाली की कागदाच्या लगद्यासारखी बसतात. झाड वाफ्यावरच असेल तर या दोन महिन्यांत आठवड्याला एकदा, हलक्या हाताने, दाताळ्याने पानं वरच्यावर ओढून घ्या. वाळा होळीच्या सुमाराला वीतभर उंचीवर कापा आणि कापलेली पाती वाफ्यात सोडू नका, बाहेर काढा.

वही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, कमिटी बदलली की कपाटं बदलतात. मेची चाचणी, तीन जागांचे आकडे, गाळ काढल्याच्या तारखा, पाणी उतरायला लागलेले तास, एवढंच त्यात हवं. एका पावसाळ्यात 10 तास लागत होते आणि पुढच्या वर्षी 18 लागले, तर डबकं दिसण्याआधीच तोंडाजवळची 5 सेंमी माती बदलता येते, दोन घमेल्यांच्या आणि एका सकाळच्या खर्चात.